झाडाखाली एकच तोंड

"नवऱ्याचं नाव?"

फौजदार तांबोळींनी पुन्हा विचारलं, तरी शालनबाईंनी मान वर केली नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर त्या जेमतेम टेकल्या होत्या. पाय जमिनीला पुरत नव्हते. मांडीवर दोराचं वेटोळं होतं. आदल्या दिवसापासून ते त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

"बाई, नाव सांग. जबाबात लागतं."

"मी न्हाई घेत," त्या म्हणाल्या. "तुमास्नी ठावं हाय की."

"सुबराव," मी म्हटलं. "सुबराव ज्ञानू पोवार."

फौजदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं.

"धंदा?"

"झाडं उतरवतो आमी."

"म्हणजे तोडता."

"तोडत न्हाई. उतरवतो."

"बरं. दोर तुझ्या हातात होता?"

"व्हय."

"मग काय झालं?"

"हात सुटला."

"कसा सुटला? कुणी हाक मारली, लक्ष गेलं, चक्कर आली?"

"हात सुटला," शालनबाई म्हणाल्या. त्याच शब्दांत, त्याच आवाजात.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना बाहेर पायरीवर बसायला सांगितलं. त्या स्टुलावरून घसरून उतरल्या, दोर खांद्याला अडकवला आणि गेल्या. खोलीत आम्ही तिघं उरलो. फौजदार, मी आणि संस्थेचे सेक्रेटरी आप्पासाहेब खराडे. खिडकीतून ते झाड दिसत होतं. आम्ही वनस्पतिशास्त्रवाले त्याला वर्षावृक्ष म्हणतो, गावात सगळे विलायती शिरीष म्हणत. त्याची एक मोठी फांदी अर्धी तुटून खालच्या बेचक्यात अडकली होती आणि मुलींच्या वर्गाच्या कौलांवर लोंबत होती.

"मॅडम," फौजदार म्हणाले, "तुम्ही झाडांचं शिकवता, म्हणून तुम्हाला विचारतो. ह्या कामाला कुशल म्हणायचं की अकुशल? नीट विचार करून सांगा, कारण सगळं त्याच्यावर आहे. अकुशल असेल तर साधी मजूर बाई, भार पेलला नाही, हात सुटला. अपघात म्हणून मिटतं. मग संस्थेला विचारायला लागेल, असल्या कामाला अकुशल माणसं चढवली कशी. कुशल असेल तर मात्र तिला कळायला पाहिजे होतं. दोर सोडणं हा तिचा निष्काळजीपणा. गुन्हा तिच्यावर."

"ह्यात विचारायचं काय आहे?" आप्पासाहेब म्हणाले. "पिढीजात कसबी माणसं आहेत ती. तिचा बाप हेच करायचा. सर्जनचं काम असतंय ते, सर्जनचं. आम्ही त्यांना काय सांगणार? त्यांची जबाबदारी, त्यांची चूक."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आदल्या दिवशी सकाळी त्याच तोंडून मी वेगळं ऐकलं होतं.

*

सुबराव आणि शालन यांना कॉलेजात मीच बोलावलं होतं. वर्षावृक्षाची फांदी वर्गावर आली होती आणि स्नेहसंमेलनाच्या आधी ती काढायची होती. संस्थेला अख्खं झाडच नको होतं. मी म्हटलं, झाड राहू द्या, एवढी फांदी नीट काढता येईल. शेजारच्या गावात आंब्याच्या बागेत त्या दोघांचं काम मी पाहिलं होतं. तो वर, ती खाली, मध्ये एक दोर. एवढ्या मोठ्या फांद्या त्यांनी उतरवल्या, पण खालच्या मिरचीच्या रोपांना धक्का लागला नव्हता.

त्या सकाळी सुबरावनं आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. खोडाला कान लावून पाठीमागच्या बाजूनं कोयत्याच्या मुठीनं ठोकलं. मग माझ्याकडे आला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. बोलताना डोळे बारीक करायची सवय.

"बाई, कुटं कापायचं म्हनता?"

मी बोट दाखवलं. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर पट्टा असतो. तो राखून कापलं तर झाडाला जखम बंद करता येते. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. सडका भाग झाड आतल्या आत भिंत घालून बाजूला ठेवतं आणि पुढे वाढतं. पट्टाच कापला तर ती भिंत घालता येत नाही.

"आमी त्येला फांदीची मान म्हनतो," सुबराव म्हणाला. "सासऱ्यानं शिकिवलं, मान राखून काप. आदी कुणीतरी कुऱ्हाड्या, नुस्ता तोडनारा, येऊन गेलाय बगा. त्येनं तितं मानंतच घाव घातलाय. आत भुसा झालाय."

आप्पासाहेब पोर्चच्या पायरीवर उभे होते. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "अरे, चढायचंय कवा? गप्पा काय मारतोस? झाडावर चढायला काय शिक्षण लागतंय होय? माकडबी चढतंय."

"माकड चढतंय की साहेब," सुबराव म्हणाला. "पर माकडाला सोताच उतरायचं असतंय. फांदी उतरवायची नसती."

गेटवरचा शिपाई हसला. आप्पासाहेबही हसले. ते दुष्ट नव्हते. दोन खोल्यांतून हे कॉलेज त्यांनीच उभं केलं होतं आणि त्याच्या आवारात काहीही घडायचं तर ते आपल्या शब्दानं घडतं, अशी त्यांना सवय झाली होती.

मग सुबरावनं सगळ्यांना जवळ बोलावलं. शिपाई, बागेचा माळी, मी, आप्पासाहेबसुद्धा.

"माझं एक ऐका," तो म्हणाला. "मी वर असताना खाली दोन शबुद कुणी बोलायचं न्हाईत. 'धर' आन् 'सोड'. कुत्र्यालाबी न्हाई, पोराबाळालाबी न्हाई. त्ये शबुद आमच्या दोराचं हायेत. मी 'धर' म्हनलं की ही धरती, 'सोड' म्हनलं की सोडती. ही माझ्याकडं बगत नसती, दोराकडं बगती. कानानं काम करती. झाडाखाली एकच तोंड."

"म्हणजे आम्ही मुकं व्हायचं?" आप्पासाहेब म्हणाले.

"तेवढ्या येळापुरतं."

"ऐका रे," आप्पासाहेब शिपायाला म्हणाले, "आजपासून सेक्रेटरी सुबराव."

शालन हसली नाही. ती शेजारच्या निलगिरीच्या बुंध्याशी दोराचे वेढे घालत होती. दोराचं एक टोक फांदीच्या शेंड्याकडे बांधायचं, तो दोर वरच्या बेचक्यातून खाली घ्यायचा, बुंध्याला दोन वेढे, मग तिच्या हातात. फांदी कापली गेली की ती शेंड्याकडून दोरावर लटकते. सुबराव तिला कौलांपासून ढकलतो, स्वतः खोडाच्या पलीकडे सरकतो आणि मग म्हणतो 'सोड'. तो पलीकडे जायच्या आत दोर सैल झाला तर शेंडा खाली जातो आणि कापलेलं बूड उसळून मागे येतं. तो बसलेला असतो तिथेच.

हे मी तेव्हा शालनला विचारून समजून घेतलं होतं. पदर खोचत ती म्हणाली, "बाई, मला लगीन व्हायच्या आदीपास्नं ठावं हाय. माझा बा वर असायचा, मी खाली. न्हाईतर मी वर, बा खाली. ह्ये आमच्याकडं शिकाय आलं हुतं." नवऱ्याचा उल्लेख करताना तिनं हनुवटीनं वर खूण केली.

करवत चालू झाली. भुसा उन्हातून खाली येत होता. मी व्हरांड्यात उभी होते, आप्पासाहेब माझ्या डावीकडे, पोर्चमध्ये. आमच्या समोर झाड, झाडामागे नव्या इमारतीची उंच, कोरी भिंत. करवतीचा आवाज बदलला, जड झाला, आणि मला कळलं की आता थोडंच लाकूड उरलंय. शालन दोराकडे बघत होती. तळहात उघडे, बोटं दोराभोवती, कोपर शरीराला चिकटलेलं.

गेटवर संमेलनाच्या खुर्च्यांचा टेम्पो आला. शिपायानं तो अडवला, कारण सुबरावनं तसं सांगितलं होतं. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. वर करवत थांबली.

आणि माझ्या डावीकडून आप्पासाहेब ओरडले, "अरे, सोड!"

शिपायाला. टेम्पो आत सोड म्हणून.

शालनचे हात सैलावले. दोर वेढ्यांवरून सर्रकन गेला.

मी वर बघितलं तेव्हा फांदीचं बूड परत खाली येत होतं. न कापलेल्या लाकडाच्या सालपटावर लोंबत ते खालच्या बेचक्यात जाऊन अडकलं आणि कौलांची एक रांग फुटली. सुबराव कमरेच्या दोरावर लोंबत होता. डोकं छातीवर. टेम्पो आत येऊन उभा राहिला होता, त्याचं इंजिन चालूच होतं.

माळी म्हणाला, "चढा कोनतरी." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आप्पासाहेब म्हणाले, "शिडी आणा." शिडी आणली, ती झाडाच्या पहिल्या फांदीलासुद्धा पोचेना. कुणी अग्निशामक दलाला फोन करायला ऑफिसात पळालं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडी यायची होती. सगळं कॉलेज झाडाखाली जमलं होतं, शिकलेले, न शिकलेले, व्यायामशाळेत जाणारे. पण त्या माणसापर्यंत पोचू शकेल असा एकही जण तिथे नव्हता.

शालननं लुगड्याचा काष्टा घट्ट केला. सुबरावच्या पिशवीतून दुसरा दोर काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"बाई, तुमी धरा."

"मी?"

"तुमी मगा नीट इचारलं. बाकीच्यांनी इचारलं न्हाई." तिनं माझ्या हातातला दोर बुंध्याला दोनदा गुंडाळला. "वेढं सुटू द्यायचं न्हाईत. वर बगायचं न्हाई. दोराकडं बगायचं. मी म्हनलं धर, धरायचं. मी म्हनलं सोड, मग जरा जरा सोडायचं. दुसरं कोन काय बोललं तर ऐकायचं न्हाई."

ती चढली. मी वर बघितलं नाही, त्यामुळे ती कशी चढली ते मला सांगता येणार नाही. सालीचे तुकडे पडत होते. मग पडायचे थांबले. बराच वेळ काही झालं नाही. मी दोराकडे बघत राहिले. काथ्याच्या त्या दोरात एक निळा धागा विणला गेला होता आणि तो पिळातून मधूनमधून वर येत होता. वर काय चाललं आहे ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

"धर."

मी धरला. दोरावर भार आला तेव्हा मी अक्षरशः पुढे ओढली गेले.

"सोड."

दोर माझ्या तळहातांवरून सरकू लागला. कातडी भाजत होती ते मला जाणवत होतं, पण ते जणू दुसऱ्या कुणाचं होतं.

"धर... सोड... सोड."

झाडाखाली इतकी माणसं होती, पण एकच तोंड बोलत होतं. आप्पासाहेब पोर्चच्या खांबाला धरून उभे होते. दोर सैल झाला. माळ्यानं आणि शिपायानं सुबरावला झेलून जमिनीवर ठेवलं. त्याच्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. छाती तेवढी आत गेली होती.

*

"मॅडम?" फौजदार म्हणाले. "कुशल की अकुशल?"

माझी नेमणूक तेव्हा तात्पुरती होती. दर जूनमध्ये आप्पासाहेबांच्या सहीनं ती पुढे सरकायची. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत धमकी नव्हती. आपल्या माणसाकडून आपलंच ऐकायला मिळणार अशी खात्री होती.

"कुशल," मी म्हटलं.

आप्पासाहेबांनी मान डोलावली.

"आणि कुशल काम आहे, म्हणूनच ते चालू असताना तिथे दुसऱ्या कुणी बोलायचं नसतं. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांशिवाय दुसरं कुणी हुकूम देत नाही. सुबरावनं आम्हाला तसं सांगितलं होतं. शालनबाईंचा हात सुटलेला नाही. त्यांनी 'सोड' ऐकलं आणि सोडला."

"सुबराव म्हणाला?"

"नाही. आप्पासाहेब म्हणाले."

आप्पासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. माझी खात्री आहे की तोवर त्यांना ते खरोखरच ठाऊक नव्हतं. आपण काय बोललो हे माणूस लक्षात ठेवत नाही.

"मी... मी शिपायाला म्हटलं," ते म्हणाले. "टेम्पो सोड म्हणून. तिला नाही म्हटलं."

"बरोबर," फौजदार म्हणाले. "आणि एक शब्द बोलणं हा काही गुन्हा नाही. पण मॅडम, तुम्ही म्हणता कुशल. मग तिला नवऱ्याचा आवाज ओळखता यायला नको? वरून आलेला आणि बाजूनं आलेला?"

त्यांनी शालनबाईंना आत बोलावलं. "बाई, ह्या मॅडम म्हणतात, तू 'सोड' ऐकलंस. खरं का?"

शालनबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच रागानं बघितलं.

"मी काय ऐकलं न्हाई. कुनी काय बोललं न्हाई. हात सुटला."

"असं म्हटलंस तर सगळं तुझ्यावर येतंय."

"येऊ द्या."

त्या निघून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले.

त्या पायरीवर बसल्या होत्या. मीही शेजारी बसले. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. त्यांनी पट्ट्यांकडे एकदा बघितलं.

"तेल लावलंय का?"

"मलम लावलंय."

"खोबरेल लावा. मलमानं कातडी आखडती."



"शालनबाई, मी तिथे होते. मी ऐकलंय. तुम्ही खोटं का सांगता?"

त्यांनी दोराचं वेटोळं एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"बाई, तुमी शिकल्याली हायसा, तुमीच सांगा. मी शबुद ऐकला म्हनलं, तर त्यो कुनाचा? त्येंचा म्हनलं, तर त्येनी येळ नसताना शबुद दिला. म्हंजी त्ये कुऱ्हाडे झालं. माझ्या बाच्या हाताखाली शिकल्यालं मानूस, मरतावक्ती कुऱ्हाड्या. आन् दुसऱ्याचा म्हनलं..." त्या थांबल्या. "दुसऱ्याचा म्हनलं तर मी कोन? इतकी वर्सं दोराखाली हुबी ऱ्हायले. घरात कमी आन् झाडाखाली जास्त ऐकलाय त्यो आवाज. त्यो मला वळकला न्हाई?"

"म्हणून हात सुटला म्हणता."

"हात सुटला म्हंजी घाम. घामाला नाव नसतंय."

मी उठले. मला सांत्वन करता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. पण एक गोष्ट आदल्या दिवसापासून माझ्या मनात होती आणि ती तपासून बघता येण्यासारखी होती.

"एकदा माझ्याबरोबर येता? झाडाखाली?"

त्या नको म्हणतील असं वाटलं होतं. पण आल्या. मी त्यांना निलगिरीच्या बुंध्याशी, त्या जिथे उभ्या होत्या तिथेच उभं केलं.

"दोर हातात घ्या. नेहमीसारखं दोराकडे बघा. माझ्याकडे बघू नका."

मी पोर्चमध्ये गेले, आप्पासाहेब उभे होते त्या पायरीवर. समोर झाडामागे ती कोरी भिंत. मी जितकं मोठ्यांदा ओरडता येईल तितकं ओरडले.

"सोड!"

आवाज भिंतीवर आपटला आणि फांद्यांतून खाली आला. पोर्चवरूनसुद्धा मला तो माझ्या तोंडातून गेल्यापेक्षा झाडावरून आल्यासारखा वाटला. बायकी, बारीक, माझाच आवाज.

शालनबाईंच्या हातातून दोर गळून पडला.

त्या वर बघत राहिल्या. अडकलेल्या फांदीकडे नाही, तिच्या वर, मोकळ्या झालेल्या जागेकडे. मी जवळ गेले.

"तुमचा हुता," त्या हळू म्हणाल्या. "बाईमानसाचा. तरीबी वरनंच आला."

"ही भिंत आहे ना, ती नवी आहे. खालून बोललेलं ती वरून परत देते. तुमच्या जागी कुणीही असतं तरी—"

"कळलं," त्या म्हणाल्या. त्यांना त्यापुढचं नको होतं.

त्यांनी दोर उचलला, झटकला, गुंडाळला आणि माझी वाट न बघता प्रयोगशाळेत गेल्या. मी पोचले तेव्हा त्या फौजदारांसमोर उभ्या होत्या. स्टुलावर बसल्या नव्हत्या.

"साहेब, लिवा. मी शबुद ऐकला आन् सोडला. हात सुटला न्हाई."

"शब्द कुणाचा?"

"त्येंचा न्हवता. ह्ये आदी लिवा. त्येनी येळ नसताना शबुद दिला न्हाई. मग लिवा, त्यो ह्या साहेबांचा हुता, भितीवरनं आला, मला वळकला न्हाई."

आप्पासाहेब खाली बघत होते.

"आणि काम? मजुरी लिहू?" फौजदारांनी आवाज उतरवला. ते चांगले गृहस्थ होते. "मजुरी लिहिलं तर सुटशील. आत्ता घरी जाशील."

"आन् आमाला मजूर म्हनायचं?"

"कागदावर."

शालनबाईंनी नकारार्थी मान हलवली. "कुशल लिवा," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांनी त्याच दिवशी, बाहेर पायरीवर बसून, आमच्या बोलण्यात ऐकला होता आणि जपून उच्चारला. "त्येंचं बी, माझं बी."

*

गुन्हा शालनबाईंवर दाखल झाला. त्यांचा जामीन मी राहिले. खटला रखडत गेला आणि अखेर त्या सुटल्या, पण तोवर त्यांच्या गावात त्यांना कुणी कामाला बोलावत नव्हतं. नवऱ्याला मारलेल्या बाईच्या हाताला झाड कोण देणार? त्या जूनमध्ये माझी नेमणूक पुढे सरकली नाही. आप्पासाहेबांनी मला त्याविषयी काही म्हटलं नाही. पुढे कधी भेटलो तर ते रस्त्यात थांबायचे, कपाळाला हात लावायचे आणि निघून जायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्या आधीचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी घडलेलं.

फांदी अजून अडकलेलीच होती. मुलींचा वर्ग बंद ठेवला होता आणि खाली दोरी बांधली होती. संस्थेनं कुऱ्हाडीवाले बोलावले. ते आले, वर बघितलं आणि निघून गेले. एकानं तर सांगितलं, तिथं मानूस मेल्यालं हाय, म्होरं बी मरंल.

एका सकाळी मी कॉलेजच्या गेटातून आत आले, तर शालनबाई झाडाखाली होत्या. कपाळ मोकळं. निलगिरीला दोराचे वेढे घालून झाले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"काम अर्धं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "त्येनी कदी अर्धं सोडलं न्हाई. बाई, तुमचं हात बरं झालं का?"

मी तळहात दाखवले. कातडी नवी, गुलाबी आली होती. आजही तिथे रेषा पुसट आहेत.

"धराल का?"

"धरीन."

तेवढ्यात आप्पासाहेबांची गाडी आली. ते उतरले, झाडाखाली कोण आहे ते बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मग शिपायाला हातानंच खूण केली, गेट लाव. शिपायानं गेट लावलं. आप्पासाहेब पोर्चकडे आले नाहीत. गेटाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उन्हात उभे राहिले.

शालनबाईंनी कंबरेला दोर बांधला.

"एक ध्येनात ठेवा," त्या म्हणाल्या. "मी 'सोड' म्हननार न्हाई. कवाच. त्यो शबुद ग्येला. कोनबी म्हनतंय त्यो, गुरांला, गाडीला, पोरांला."

"मग काय म्हणाल?"

त्यांनी वर बघितलं. मग खाली, दोराकडे.

"त्येंचं नाव घीन," त्या म्हणाल्या. "म्या नाव घेतलं की सोडायचं. त्ये इथं कुनाच्या तोंडातनं चुकून येनार न्हाई."

मी दोर घेतला, तळहात उघडे, कोपर शरीराला चिकटलेलं.

त्या चढल्या. मी वर बघितलं नाही. सालीचे तुकडे पडले, मग भुसा. करवतीचा आवाज हलका होता, मग जड झाला. त्या फांदीची मान राखून कापत असणार. मला बघायची गरज नव्हती.

"धर."

दोर ताणला. फांदी बेचक्यातून निघाली आणि तिचा सगळा भार माझ्या हातांवर आला. करवत थांबली. त्या खोडाच्या पलीकडे सरकत होत्या, त्यांच्या पायाखालच्या सालीचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

मी वाट बघितली. दोरातला निळा धागा माझ्या बोटांजवळ आला होता. गेटाबाहेरून एक सायकल गेली. भार हातात थरथरत होता आणि शब्द येत नव्हता. त्यांना तो उच्चारता येत नाही असं मला वाटलं. जन्मात कधी न घेतलेलं नाव असं झाडावरून, सगळ्या गावाच्या डोक्यावरून कसं घ्यायचं? मी दोराकडे बघत राहिले आणि धरून राहिले.

"सुबराव," त्या म्हणाल्या.

फार हळू. मला वाटलं, हे स्वतःशीच असेल. मी सोडला नाही.

"सुबराव!"

भिंतीनं ते नाव घेतलं आणि वरून, सबंध झाडातून, खाली दिलं. आणि मी दोर सोडला, जरा जरा, त्यांनी शिकवलं होतं तसा.